हेन्कच्या वडिलांची कन्फर्म तारीख

आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या पाइप कंपनीत तेरा वर्षं काढली. कायमचं परत येताना सामानाचं वजन झालं, किस्स्यांचं मात्र कुणी केलं नाही, नाहीतर विमानात घेतलंच नसतं! त्यातले हे काही, सगळे एकाच जळफळाटाचे.

*

आमचा मॅनेजर हेन्क, हॉलंडचा. एकदा एचआरच्या पिल्लैकडे रजेचा फॉर्म घेऊन आला. कारण: वडिलांचा मृत्यू. पिल्लै हळहळला. "व्हेन, सर?"

"ट्वेंटिएथ."

"सर, टुडे इज थर्ड!"

"येस. फोर ओ'क्लॉक."

त्यांच्याकडे तेव्हा नुकताच कायदा झाला होता. बरं न होणाऱ्या आजारात माणूस डॉक्टरांच्या मदतीने, स्वतः ठरवून जाऊ शकतो. पिल्लैने घाबरत विचारलं, "इन्शाल्ला?"

"नो, नो. कन्फर्म!"

*

हेन्क परत आला आणि सांगायला लागला. सगळे जवळ होते. वडिलांनी कॉफी घेतली, ह्याच्या टायला नावं ठेवली, ह्याचा हात धरला आणि गेले. मी तोंडाने सॉरी म्हणालो, पण खोटं कशाला बोलू, आतून नुसता जळत होतो! माझे आप्पा गेले तेव्हा माझा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत, तिजोरीची किल्ली पिल्लैकडे आणि पिल्लै केरळात! मी साताऱ्याला पोचलो तो थेट राख सावडायला.

*

दामले माझ्या शेजारच्या टेबलावरचा. हेन्कवर कायम जळायचा. त्याला हाडांचा कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी सहा महिने सांगितले, तरी सवय गेली नाही. "पगार तिप्पट, व्हिला कंपनीचा, आणि आता मरणसुद्धा युरोपियन पॅकेज! आम्ही मात्र कण्हत बसायचं!"

*

शुक्रवारी अल कुसैसला त्याच्या घरी जेवायला होतो, तिथे यावरूनच जुंपली. दामले म्हणे, असा कायदा सगळीकडे हवाच. वहिनींनी डाव आपटला. "हो, म्हणजे म्हातारी माणसं उद्या सुनेच्या तोंडाकडे बघून सह्या करतील!"

मुलगी नेहा हळूच म्हणाली, "बट आई, इट्स हिज पेन."

वहिनी आत निघून गेल्या. आमटी तशीच राहिली.

*

शेवटी दामलेने हॉस्पिटलातल्या इजिप्शियन डॉक्टरला विचारलंच. डॉक्टरने आधी दार लावलं. "हबीबी, तू विचारलं नाहीस, मी ऐकलं नाही. खलास!" दामले मला म्हणाला, "बघ, हेन्कच्या बापाला कॉफी, आणि मला हे!"

*

दामले कायमचा पुण्याला निघाला त्या दिवशी व्हीलचेअरवर ऑफिसात आला. रजेचा कोरा फॉर्म मागून घेतला आणि वर माझं नाव लिहिलं. कारण: दामलेचा मृत्यू.

"आप्पांच्या वेळी उशिरा पोचलास. या खेपेला आधी ये, लेका. आणि टाय लावून ये. मलाही जाताना कुणालातरी नावं ठेवायचीत!"

फॉर्म पिल्लैकडे गेला. नियमाचा पक्का माणूस. "दामले साब, डेट?"

दामलेने हेन्ककडे बोट दाखवलं. "इनका कन्फर्म रहता है. अपना वेटिंग लिस्ट."

पिल्लै उठला, तिजोरी उघडली आणि माझा पासपोर्ट काढून माझ्या हातात ठेवला.