विहिरीत पडलेला नवरदेव

त्या दिवशी वारं काय सुटलं होतं म्हणता! फाल्गुन संपत आलेला, ऊन तसं बेताचंच. पण वारं असं की शहागडच्या फाट्यावर एसटीतून उतरलो आणि डोक्यावरची टोपी मला न विचारता गोदावरीकडं निघाली. धूळ, पाचट, कुणाचं वाळत घातलेलं बनियन, सगळं एकाच दिशेला पळत होतं. अशा दिवशी शहाणा माणूस घरात बसतो. मी मात्र खून करायला जागा शोधत निघालो होतो.

घाबरू नका. खून कागदावरचा. पण त्या कागदावरच्या खुनापायी माझी जी फजिती झाली, ती ऐकाच. चहा थंड झाला तर दुसरा टाकू.

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. सारा जन्म कारखान्याला ऊस वाहण्यात गेला. आधी बैलगाडीनं, मंग ट्रॅक्टरनं. नव्वद सालाच्या पुढं गावात साक्षरता वर्ग निघाला, तेव्हा मी साठीला टेकलेलो. बाकीचे सही शिकले आणि उठले. मी उठलोच नाही! अक्षरं जुळायला लागली आणि मला काय झालं कोण जाणे, दोनशेपानी वही आणली आणि कादंबरी लिहायला बसलो. त्यात प्रेम बी आणि खून बी. दिवसाला अर्धं पान, जास्त नाही. पहिली ‘मस्तगडची तिसरी किल्ली’. दुसरी ‘अंकुशनगरच्या धुराड्यामागे कोण?’

छापल्या कुणी? कुणीच नाही. माझा शेजारी शेषराव टेलर आहे. त्याच्या दुकानात वह्या ठेवायच्या. कपडा शिवून होईपर्यंत गिऱ्हाईक वाचत बसायचं.

माझा एक नियम पक्का. जी जागा डोळ्यानं पाहिली नाही, ती लिहायची नाही. कारण एकदा मुंबईचा समुद्र न पाहता लिहिला. आपल्याला मोठं पाणी म्हणजे तळं माहीत. नायिका पळून पळून थकते, किनाऱ्यावर बसते आणि ओंजळीनं पोटभर पाणी पिते. मुंबईला राहून आलेलं एक गिऱ्हाईक ते वाचून इतकं हसलं, की शेषरावला त्याच्या छातीचं माप घेता येईना!

तर आता तिसऱ्या कादंबरीला एक घर पाहिजे होतं. नदीच्या अंगाला, बाहेरून जिना, मागं विहीर. शहागडपासून कोसभर चाललो आणि एका गावात बराबर तसंच घर! निळं दार, पक्का स्लॅब, बाहेरून जिना थेट वरच्या खोलीला. आनंदानं मला घाम फुटला. वही काढली आणि पायऱ्या मोजायला लागलो. अकरा!

“कोण पाव्हणं म्हणायचं?” अंगणात एक बाई कुरडयांवर जुनं लुगडं टाकून चारी कोपऱ्यांना दगड ठेवत होती.

“मी किसनआबा, अंबडकडचा. घर पाहून राह्यलो जरा. चालंल का?”

तिनं माझ्याकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं, पदर डोक्यावर घेतला. “चालंल म्हंजे? या की! आत या!”

किती भलं माणूस, म्हटलं. ओळख ना पाळख, आणि बाजेवर नवी चादर टाकली! मंग मी विचारतच सुटलो.

“इहीर खोल हाय का?”

“बाराही महिने पाणी! वर मोटार बसवली. बाईमाणसाला शेंदायचं कामच न्हाई.”

मी लिहिलं, खोल आहे, काम भागेल.

“कुत्रं नव्या माणसावर भुंकतंय का?”

“लई गरीब हाय. दोन दिवसांत ओळखतंय.”

“आन् घरात कुणी वरडलं, तर शेजारी ऐकू जातंय?”

“बाबा, या घरात वरच्या आवाजात कुणी बोलतच न्हाई! कुणालाबी इचारा.”

“वरच्या खोलीत कोण झोपतं?”

बाई हसली. “सध्या कुणी न्हाई. आमच्या पोरासाठी, उत्तमसाठी बांधली. पुढं लागंलच की.”

एवढ्यावर कुणालाही कळलं असतं. तुम्हाला कळलं ना? मला नाही कळलं! माझं ध्यान त्या जिन्यावर. रिकामी खोली, खोल विहीर, गरीब कुत्रं! मला तर वाटलं, देवानं हे घर माझ्या कादंबरीसाठीच बांधून ठेवलंय.

तेवढ्यात बाईनं मालकाला शेतातून बोलावून घेतलं. पाय धुऊन तो बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसला. मागून त्यांचा लेक उत्तम आला. तिशीचा गडी, केस पाण्यानं बसवलेले, शर्टाच्या घड्या मोडलेल्या नाहीत. माझ्यासमोर नायकच उभा!

“पवता येतं का याला?”

“गोदावरी पार करतो!” बाप म्हणाला.

आली का पंचाईत? पोहणारा माणूस विहिरीत मरायचा कसा? “कुणाशी वैर?”

“मुंगीशी बी न्हाई.”

“बिडी?”

“बिलकुल न्हाई!”

माझं तोंडच उतरलं. विहिरीच्या काठावर सापडलेल्या बिडीच्या थोटकावर माझा सगळा तपास उभा होता. “मंग तर अडचणच झाली,” मी म्हणालो.

नवराबायकोनं एकमेकांकडं पाहिलं. “तंबाखू खातो की कधीमधी!” बाप घाईनं म्हणाला. “म्हंजे, तुम्हाला चालत असंल तर!”

चालतंय म्हणालो. घरात लगबग उडाली. पोळ्या झाल्या, गुळवणी झालं, वाटीभर तूप आलं. मी जेवत असतानाच मालकानं माझ्या बोडक्या डोक्यावर नवी टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, मांडीवर नारळ दिला. आणि बाई म्हणाली, “मंग पोरगी कधी दाखवता?”

घास घशातच अडकला. मी सावकाश माणूस. मला गिळायला वेळ लागतो आणि समजायला त्याहून जास्त. दोन्ही उरकेपर्यंत बाईचे डोळे भरून आले होते.

“दोन ठिकाणी जमत आल्तं, आन् मोडलं, बाबा. तवापासून लोक म्हणून राह्यले, पोरात काहीतरी खोट असंल. दोन वर्षं झाली, या दारात कुणी इचारायला आलं न्हाई. तुम्ही पहिलेच.”

उत्तम तांब्या घेऊन दाराशी उभा होता.

“घरी विचारून कळवतो,” म्हणालो आणि नारळ घेऊन एसटी गाठली.

माझ्या दोन्ही लेकी कधीच्या नांदायला गेलेल्या. नात तीन वर्षांची. दाखवू कुणाला? शेषराव म्हणाला, “आबा, चिठ्ठी टाका जल्दी. खरं लिवून मोकळं व्हा.”

चिठ्ठी लिहायला घेतली. माझा वेग तुम्हाला सांगितलाच, त्यात दिवसाचं अर्धं पान आधी कादंबरीला जायचं. चौथ्या दिवशी ‘सप्रेम नमस्कार’पर्यंत आलो आणि माझा पत्ता विचारत आलेली जीप दारात थांबली!

सात माणसं उतरली. बाई रेशमी लुगड्यात, मालक पटक्यात, उत्तम त्याच शर्टात, बाकी चुलते-मामे. शेषराव गळ्यात माप घेण्याची टेप तशीच ठेवून धावत आला. मी हात जोडले.

“माफ करा. पोरगी न्हाई माझ्याकडं. मी कादंबरीसाठी घर पाहायला आल्तो.” आणि वही पुढं केली.

उत्तमनं वही घेतली आणि मोठ्यानं वाचायला लागला. निळं दार आलं, अकरा पायऱ्या आल्या. “माझ्या कुरडया बी लिवल्या की!” बाई बोलून गेली. मंग उत्तमचा आवाज बारीक झाला. “‘काठावर तंबाखू चोळत उभा असलेला नायक मागून आलेल्या धक्क्यानं विहिरीत पडला.’”

लिहिलेलं तिथंच संपत होतं.

“आमच्या इहिरीत?” मालक उसळला. “पाणी पितो आम्ही त्यातलं!”

“आबा, मरतो का तो?” उत्तमनं विचारलं. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

“अजून ठरलं न्हाई,” मी खरं ते सांगितलं.

बाईनं डोळ्याला पदर लावला. “दोन वर्षांनी एक माणूस माझ्या पोराला पाहायला आला, त्यानं बी इहिरीत ढकललं!”

जमीन दुभंगावी असं वाटलं बघा. “मी काढतो त्याला बाहेर, माय,” म्हणालो.

“काढा. आत्ताच काढा. माझ्या देखत!”

बसलो लिहायला. भोवती सात माणसं, बाहेर जीपवाला हॉर्न वाजवतोय, आणि मी एकेक अक्षर कोरतोय. बाई सांगायला लागली. “लिवा, पवून वर आला. लिवा, गोदावरी पार करतो. ती तंबाखू खोडा आधी! यांनी घाबरून सांगितली. पोरगं सुपारी बी खात न्हाई.”

खोडली.

“लिवा, आठ एकर बागायत.”

“माय, नायक अजून इहिरीत हाय. बागायत कुठं लिवू?”

“वर आल्यावर त्याला काय दिसलं असंल? सोताचं शेतच दिसंल ना!”

लिहिली बागायत. मोटार लिहिली, ट्रॅक्टर लिहिला, वरची नवी खोली लिहिली, सासूचा गरीब स्वभावही लिहिला. दीड तासानं जीप गेली. जाताना बाई मागं न पाहता जीपमध्ये बसली. उत्तम तेवढा पाया पडला. पुढचा आठवडा मला भाकरी गोड लागली नाही. कशीबशी कादंबरी पुरी केली, खुनी पकडला आणि वही शेषरावच्या दुकानात नेऊन ठेवली.

आणि काय सांगू! घनसावंगीकडचे एक गृहस्थ शर्ट शिवायला आले. काजं-बटणं व्हायची होती, म्हणून वही उघडली. वाचता वाचता ताठ होऊन बसले. “हे घर खरंच हाय का हो?”

“आबा पाहिल्याबिगर लिवतच न्हाईत,” शेषराव म्हणाला.

त्यांची लेक लग्नाची होती. पुढल्या वर्षीच्या वैशाखात उत्तमचं लग्न लागलं! मी आणि शेषराव पहिल्या रांगेत. उत्तमच्या आईनं मला वाटीभर तूप परत वाढलं आणि हसली. मला तर आकाश ठेंगणं झालं होतं. आपल्या कादंबरीनं लग्न जमवलं! न राहवून मी मुलीच्या बापाला गाठलं. “शेवट कसा वाटला? खुनी ओळखला होता का?”

“खुनी?” ते म्हणाले. “मी आठ एकर बागायतीपर्यंत वाचली. पुढं वाचायची गरजच पडली न्हाई.”

माझा पडलेला चेहरा शेषरावनं पाहिला. फाट्याकडं चालता चालता त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “आबा, जीवाला लावून घेऊ नका. माझ्या भाचीला परतूरकडचं एक स्थळ सांगून आलंय. पुढचा खून तेवढा त्यांच्या घरी करा की!”