कंपनीचं शंभर, साडूंचं एकशेतीस

आमच्या साडूंना हळू फिरणारा पंखा बघवत नाही. चाळीस वर्षं त्यांनी मोटारी भरल्या, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळली, आणि त्यांच्या दुकानातून परत गेलेला प्रत्येक पंखा आधीपेक्षा जोरात फिरला. आमच्याकडे त्यांनी दुरुस्त केलेला पंखा लावला की वर्तमानपत्रावर वाटी ठेवून वाचावं लागतं. "कंपनी नेहमी हातचं राखून लिहिते," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. खरंखोटं मला कळत नाही, पण ऐकून कान किटले.

दुकान बंद केल्यापासून ते घरीच असतात, हा सगळ्यांना ताप. त्यांची मुलगी घरूनच काम करते. अजून न बांधलेल्या इमारतींची हलती चित्रं संगणकावर तयार करते. एकदा मी त्यांच्याकडे गेलो होतो. त्या दिवशी एका इस्पितळाचं काम संध्याकाळी सहापर्यंत द्यायचं होतं. चुकलं तर वर्षभराचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं. आणि नेमकं संगणकातलं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे ही चित्रं घडवणारा भाग, सकाळपासून तापून मंद पडत होतं.

"पंखे वाढव की त्याचे," साडू म्हणाले.

"शंभर टक्क्यांवर आहेत, बाबा."

"ते कंपनीचं शंभर. माझं बघ."

"हात लावायचा नाही! काका, तुम्ही जरा लक्ष ठेवा."

ती जेवायला गेली. मी लक्ष ठेवलं, म्हणजे नुसता बघत राहिलो. साडूंनी चालू कामातच कार्डाच्या पंख्यांच्या तारा सोडवून आपल्या दुकानातल्या व्होल्टेज कमीजास्त करायच्या डब्याला जोडल्या आणि बारा व्होल्टच्या पंख्यांना सोळा दिले. ते तळहाताएवढे पंखे किंचाळायलाच लागले. मुलगी उष्ट्या हाताने धावत आली.

"बाबा!"

"आधी आकडा बघ."

अठ्ठ्याऐंशीवरचं तापमान ऐंशीवर आलं होतं. तिने घड्याळाकडे बघितलं आणि पंखे तसेच चालू ठेवले.

दोनच्या सुमाराला एका पंख्याचा सूर बदलला. साडूंनी स्क्रूड्रायव्हरचं टोक कार्डाला आणि मूठ कानाला लावली. "बेअरिंग कोरडं पडलंय," म्हणाले, आणि कोणी काही बोलायच्या आत दोन थेंब तेल सोडलं. छताच्या पंख्यात ते तेल मुरलं असतं. इथे त्या वेगाने ते भिरकावलं गेलं आणि तापलेल्या पत्र्यांवर पडून धूर झाला. मुलीने प्लगच उपटला.

"साडूभाऊ, तुम्ही तरी बोलायचं!" साडू म्हणाले. हे मला!

तिने कार्ड उघडलं. पातळ पत्र्यांच्या फटींत नमद्यासारखी घट्ट धूळ बसली होती.

"वाऱ्याला जायला वाटच नाही, आणि तुम्ही वारा वाढवताय!"

स्पिरिट आणि दात घासायचा ब्रश घेऊन साडूंनी एकेक फट लख्ख केली; काम चोख, हे मान्य करावंच लागेल. खिळखिळा झालेला पंखा काढून तिने संगणकाच्या खोक्यातलाच एक पंखा तिथे पट्टीने बांधला आणि दोन्ही पंखे बारा व्होल्टवर चालू केले. झालेली चित्रं नशिबाने साठवलेली होती. दोनशे उरली होती. तापमान चौऱ्याहत्तरवर थांबलं.

दोन तास साडू दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

"तेरा तरी दे."

"बाबा."

"साडेबारा?"

सहाला सात मिनिटं असताना काम पाठवून झालं. थोड्या वेळाने समोरून फोन आला: मिळालं, पुढचं काम सोमवारी पाठवतो. मुलीने टेबलावर डोकं टेकलं. मग उठून तो व्होल्टेजचा डबा माझ्या हातात दिला. "काका, हा तुमच्याकडे ठेवा. कुलपात."

तेव्हापासून साडू रोज सकाळी येतात. माझ्या प्रकृतीची चौकशी करतात, आणि उत्तर ऐकताना कपाटाकडे बघत असतात.