खाडीतला नळीकिडा

कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये सहायक म्हणून चौदा वर्षं काढली. निरीक्षणं आमच्या प्राध्यापक वैद्य मॅडम वहीत उतरवतात. वहीत न बसणारं जे उरतं, ते माझ्याकडे साचत जातं. मित्र भेटले की विचारतात, अजून तो किडाच चाललाय का? हो, तोच चाललाय.

*

सुरुवात उरणच्या खाडीत झाली. पाण्यात काय काय चिकटतं ते बघायला मॅडमनी जेटीच्या खांबाला प्लास्टिकच्या पाट्या टांगल्या होत्या. महिन्याने तिथल्या पांडूदादा कोळ्याच्या होडीतून जाऊन त्या वर काढल्या, तर पाटीभर सुतळीएवढ्या पांढऱ्या, वाकड्यातिकड्या नळ्या.

"खडूनं कोनी लिवलंय?" पांडूदादाने विचारलं.

मॅडमनी सांगितलं, प्रत्येक नळीत एक किडा राहतो आणि ती चुन्याची नळी तो स्वतःच बांधतो. मूळचा इथला नाही, जहाजांच्या बुडाला चिकटून लांबून आलाय.

"मंजी फुकटात आला," एवढं बोलून दादा दुसरी दोरी ओढायला लागला.

*

लॅबमध्ये मॅडम मुलांना शिकवत होत्या. याचं पिल्लू काही दिवस पाण्यात पोहतं, बरी जागा शोधतं आणि एकदा चिकटलं की जन्मभर तिथेच. डोक्यावरचा पिसांचा तुरा बाहेर काढून पाण्यातलं मिळेल ते खातं. सावली पडली की आत जाऊन झाकण लावून घेतं.

कोपरखैरण्याची एक मुलगी उठली. वन रूममध्ये सहा जणांत राहणारी. "मॅडम, याला एकट्याला पूर्ण नळी?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जागा संपली की हे एकमेकांच्या डोक्यावर बांधतात."

*

एकदा भर खाडीत होडीचं इंजिन तापून बंद पडलं. गार पाणी आत घेणारा पाइप या नळ्यांनी पार बुजला होता. ओहोटी आम्हाला मोठ्या जहाजांच्या वाटेकडे ओढत होती. दादा पाइप खरवडत होता, मी वल्हं धरून होतो. आणि मॅडम? खरवडलेलं ढेकूळ बाटलीत भरून वर तारीख, ठिकाण लिहीत होत्या.

दादा वैतागला. "मॅडम, आदी जगू. मंग लिवा."

"नंतर तारीख चुकते, दादा."

शेवटी दुसऱ्या होडीने दोर टाकून आम्हाला ओढत नेलं.

*

दादाची मोठी बहीण अंजिराकाकू. ओहोटीला खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपल्या, फोडून विकायची. नवऱ्यामागे दोन मुलं तिने त्यावरच वाढवली. आता तिच्या खडकांवर नळ्यांचा थर चढला होता. कालवांना जागा उरली नव्हती. तिने तळहात मॅडमपुढे धरले, सगळे नळ्यांनी कापलेले.

"तुमी शिकता यो, मंजी यो जानार का?"

मॅडम म्हणाल्या, "नाही काकू. आता जाणार नाही. कुठवर पसरलाय, एवढंच मला सांगता येईल."

"खरा बोललीस, बाय," काकू म्हणाली आणि टोपली उचलून निघून गेली. मॅडमनी त्या दिवशी वही उघडली नाही.

*

पुढच्या वर्षी काकू उरणचं घर बंद करून लेकाच्या फ्लॅटवर राहायला आली. कॉलेज जवळच, म्हणून एका दुपारी लॅबमध्ये आली. आम्हाला वाटलं, किडा बघून शिव्या घालणार. मॅडमनी तिला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. बराच वेळ ती बघत राहिली.

शेजारच्या डिशमध्ये एक किडा नळीशिवाय पडला होता. मुलांना दाखवायला मीच नळी फोडून काढलेला.

"यो परत बांदल का घर?"

"नाही काकू," मॅडम म्हणाल्या. "ते लहानपणीच. मोठेपणी मोडलं की नवं होत नाही."

काकूने डिश जवळ ओढली.

"पानी कुठला यातला?"

"उरणचंच. खाडीचं."

काकूने डिशमध्ये बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.