न शिकण्याची नोकरी

घड्याळजींची बायको सदतीस वर्षं घरात मठ्ठ म्हणून नांदली. घड्याळजी म्हणजे केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरणारा माणूस. जगातली सगळी अक्कल आपल्याच बोटांत उतरलीय, अशी त्यांची समजूत. बायकोनं तोंड उघडलं की, "तुला काय कळतंय त्यातलं?" एवढं म्हणून हे पुन्हा भिंग डोळ्याला लावायला मोकळे.

आणि गंमत बघा, याच मठ्ठपणाला एक दिवस गिऱ्हाईक भेटलं. एका कंपनीला मोबाईलमधलं ओ की ठो न कळणारी माणसं हवी होती. दोन तऱ्हेचे फोन साध्या माणसाला कितपत वापरता येतात, हे तिथे ताडून बघायचे. एका फोनला खाली बाण. दाबला की मागे. दुसऱ्याला बाणच नाही. त्यात म्हणे कडेवरून बोट ओढायचं, आणि हे कुठेही लिहिलेलं नाही, माणसानं आईच्या पोटातून शिकून यायचं!

दर बुधवारी बाई जायच्या. छोटी खोली, टेबल, एक खुर्ची, समोर भिंतभर आरसा. आधी आरशात केस सारखे करायच्या, मग बसायच्या. हातात सेकंदाचं घड्याळ घेतलेली मॅडम सांगायची, "मावशी, सहाचा गजर लावा. आता याच्यावर. आता त्याच्यावर." गजर लावता लावता बाई कधी कॅमेऱ्यात जायच्या, कधी भलत्यालाच फोन लावायच्या. तरी शेवटी मॅडम हमखास विचारायची, "तुम्हाला काय वाटतं, मावशी? कुठला सोपा?"

तुम्हाला काय वाटतं! उभ्या जन्मात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्या खुर्चीवर त्यांचा जीव जडला. ती जाऊ नये म्हणून त्यांनी काय करावं? मुलीचे जुने दोन फोन मागून घेतले आणि दुपारभर ओट्याशी उभं राहून घोकंपट्टी केली. मॅडम खूश झाली पाहिजे, बस्स.

पुढच्या बुधवारी दोन्ही फोनवर अकरा-अकरा सेकंदांत गजर! मॅडमचा चेहरा पडला.

"मावशी, तुम्ही शिकलात हो."

"मग! घरी सराव केला."

"आता तुमचा उपयोग नाही आम्हाला."

गरज सरो, वैद्य मरो! बाईंचे डोळे भरून आले. ते बघून मॅडमला दया आली असावी. ती म्हणाली, "घरात कुणी आहे का, अजिबात न येणारं? तुम्ही दर बुधवारी घेऊन यायचं आणि सोबत थांबायचं." बाईंनी डोळे पुसले. त्यांच्या घरात असा एक मोठा हुशार माणूस होता.

"तुमच्यासारखा बारीक कामाचा जाणकार हवाय त्यांना," एवढं पुरलं. घड्याळजी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात भिंग टाकून निघाले. त्यांना त्या खोलीत बसवलं. मॅडम बाईंना शेजारच्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेली, मागच्या खुर्चीवर बसवलं आणि परत गेली. समोर काच होती, काचेपलीकडे घड्याळजी. पुढच्या रांगेत पाच-सहा पोरंपोरी चहा पीत बसलेली.

आयुष्यभर चाकं घासून घड्याळजींची बोटं लाकडासारखी झालेली. फोनला ती कळेचनात. बिनबाणाच्या फोनमध्ये शिरले ते बाहेर पडता येईना. कपाळावर घाम. "फोनच बिघडलाय," म्हणाले, आणि भिंग लावून फोनच्या काचेत कुठे फट आहे का ते शोधू लागले. पोरं खदखदून हसली. सगळ्यात मोठ्यानं बाई हसल्या. सदतीस वर्षांचं उट्टं निघत होतं, का नाही हसायचं?

"मावशीपेक्षा भारी आहे हा!" पुढचा एक पोरगा म्हणाला. मागे कोण बसलंय याचा त्याला पत्ताही नव्हता. "आठवतं? ती आधी येऊन आपल्याकडे बघत केस सारखे करायची!"

बाईंचा हात आपसूक केसांकडे गेला. तेवढ्यात पलीकडे घड्याळजी उठले, थेट त्यांच्यासमोर आले, आणि आपल्या बाजूच्या आरशात बघून शर्टाची कॉलर नीट करू लागले. पोरं पुन्हा हसली. बाईंना वाटलं, उठावं, काच बडवावी, सांगावं. पण मग बुधवारी जायचं कुठे? त्या बसून राहिल्या.

जिना उतरताना घड्याळजींनी कठडा घट्ट धरला होता. मग खाली बघत, हलक्या आवाजात म्हणाले, "तुला काय वाटतं गं? जमेल मला?"

"न जमायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी बोलावलंय की तुम्हाला. फक्त घरी सराव करायचा नाही हं."