फाशक्याच्या तोंडावरचं फडकं

आमच्या ट्युनिसजवळच्या नाबुल गावात बेयाच्या फुलपाण्याला पहिल्यापासून नाव होतं. पण ते नाव चार गल्ल्या ओलांडून बाहेर पडलं ते तिच्या सुनेमुळे. मार्च सरता सरता कडू नारिंगाला फुलं यायची. मग बेया तांब्याचा कत्तार माळ्यावरून उतरवायची, लिंबाने घासून लख्ख करायची आणि मंद जाळावर चढवायची. आत फुलं आणि पाणी, वर झाकण, झाकणाच्या नळीतून थेंब थेंब फुलपाणी. कत्तार घरात मांडलेला असेपर्यंत घरात वाकडा शब्द काढायचा नाही, नाहीतर फुलं रुसतात, असं तिच्या सासूने तिला बजावलं होतं. बेया तशी तोंडाची फटकळ. पण वर्षातले ते पाच आठवडे तिच्याकडून अख्खी गल्ली सुटलेली असायची.

मुलगा इटलीत कामाला, घरात ती आणि सून योस्रा. दोन वर्षांपूर्वी योस्राने फेसबुकवर ‘दार बेया’, म्हणजे बेयाचं घर, नावाचं पान काढलं. पहिल्या व्हिडिओत नुसते बेयाचे हात होते, पाकळ्या निवडणारे, एका बोटात झिजलेली चांदीची अंगठी.

“लोकांना काही कामधंदा नाही का गं? माझे हात कसले बघत बसलेत?” असं बेया म्हणाली खरी, पण आठवड्याभरात सकाळी उठल्या उठल्या तीच विचारायला लागली, “आज किती जणांनी बघितले?” कौतुक कुणाला नको असतं! ट्युनिसहून, सफाक्सहून, थेट पॅरिसमधून ‘लल्ला बेया’च्या, म्हणजे बेयाबाईंच्या, बाटल्यांना मागणी येऊ लागली.

यंदा घोटाळा झाला तो या मागणीनेच. रमजान नेमका फुलांच्या दिवसांत आला. गेल्या वर्षीचं फुलपाणी अर्ध्या रमजानातच संपलं, आणि ईदच्या गोडधोडासाठी बायका हटून बसल्या. योस्राने पानावर लिहून टाकलं : ‘यंदाचं ताजं फुलपाणी, ईदच्या आत घरपोच.’

आता ताजी असावी ती मासळी. नवं फुलपाणी आगीचा वास घेऊनच नळीतून उतरतं. ते फाशक्यात, म्हणजे गवताने विणलेल्या पोटफुगीर बाटलीत भरायचं, तोंडाला पातळ फडकं बांधायचं आणि चाळीस दिवस अंधारात ठेवून द्यायचं. मग आग उडून जाते आणि फूल उरतं. नाबुलच्या शेंबड्या पोरीलाही हे ठाऊक असतं. बेयाला तर होतंच. पण त्या ‘ताजं’वर तीनशे लाल बदाम पडलेले तिने पाहिले आणि ती गप्प बसली.

दुसरी गोष्टही तिने पोटात ठेवली. सहा एप्रिलच्या दुपारी ती नमाज पढून परत आली, तर नळीतून थेंब नव्हे, धार लागलेली. वाफ छान दिसावी म्हणून योस्राने जाळ मोठा केला होता आणि ती कोपऱ्यात व्हिडिओ काढत होती. बेयाने वाकून जाळ कमी केला. बोलणार काय? कत्तार मांडलेला होता. पण त्या दिवसापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती. फुलं बुडाला लागून करपली असतील तर? आगीचा वास जातो, करपल्याचा जन्मात जात नाही. आणि पहिल्या दिवसांत दोन्ही नाकाला सारखेच लागतात. ईदच्या बाटल्या नेमक्या त्याच घाण्यातून भरल्या गेल्या.

ईदला चार दिवस असताना सफाक्सच्या मुफीदाचा व्हिडिओ आला. ही बाई मिठाया करून दाखवायची आणि ऐंशी हजार माणसं तिला बघायची.

“हे बघा गं बायांनो, दार बेया! नाबुलचं ताजं फुलपाणी म्हणे! तुमच्यापर्यंत वास येत नाही ना? नशीबवान आहात. करपलेल्या पातेल्याचा वास आहे हा. माझी ईदची बिस्किटं मातीत गेली असती.”

मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. कुणी म्हणालं, नळाच्या पाण्यात सेंट घालतात. कुणी म्हणालं, ते हातसुद्धा भाड्याचे असतील. योस्राने घाबरून चाळीसेक शेरे पुसून टाकले. तर कुणीतरी त्यांचे फोटो आधीच काढून ठेवलेले. ‘पुसताय का? चोराच्या मनात चांदणं!’ असं लिहून त्याने ते सगळे पुन्हा चढवले.

संध्याकाळी रोजा सोडायला बेयाचा धाकटा दीर मोन्सेफ आला. त्याचं मातीच्या भांड्यांचं दुकान, त्यामुळे धंद्यातलं सगळं आपल्याला कळतं असा त्याचा समज.

“वहिनी, झाकली मूठ सव्वा लाखाची. पान आठवडाभर बंद ठेव, लोक विसरतात. तोवर आपले वीस चुलतभाऊ चांगलं चांगलं लिहितील.”

“आणि पुढे बाटल्याही चुलतभावांनाच विकू का?” बेया म्हणाली. “सूप पी, गार होतंय.”

पण रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. नाबुलमध्ये तिच्या सासूच्या आजीपासून या घराचं पाणी बाळंतिणीला, नवरीला, मयतालाही जात होतं. त्या चार पिढ्यांचं नाव एका फोनमध्ये चिखलात पडलं होतं, आणि त्यात आपलाही हात आहे याची तिला लाज वाटत होती.

सकाळी तिने योस्राला फोन धरायला सांगितलं.

“मी बेया,” ती म्हणाली. “सफाक्सच्या लल्ला मुफीदा खरं बोलतायत. वास येतोय. पाणी कच्चं होतं आणि मी ते पाठवलं. दोष माझा, दुसऱ्या कुणाचा नाही. ज्यांना नको त्यांनी परत पाठवा. ज्यांना दम आहे त्यांनी बूच काढा, फडकं बांधा, अंधाऱ्या कपाटात ठेवा. सोळा मेला चाळीस दिवस भरतात. तेव्हाही वास आला, तर हे पान बंद आणि बेयाचं नाव पुन्हा कुठल्या बाटलीवर दिसणार नाही. आणि योस्रा, आता काहीही पुसायचं नाही.”

मुफीदाने खाली एकच ओळ लिहिली : ‘ठेवते. लाज तुम्हालाच वाटेल.’

ईद झाली. काही बाटल्या परत आल्या. मेच्या सुरुवातीला फुलं संपली आणि कत्तार माळ्यावर गेला. त्या घाण्यातला एक फाशका कपाटात होता; बेया रोज त्या दारापर्यंत जायची आणि मागे फिरायची. योस्रा सांगायच्या आत भांडी घासायची, जेवताना मान वर करायची नाही. बेयाला सगळं दिसत होतं. आपलीही गत तीच आहे हे मात्र तिने दिसू दिलं नाही.

सोळा मेच्या सकाळी मुफीदा फोनवर लाइव्ह आली. बेयाने आपला फाशका अजून उघडला नव्हता. स्वतःच्या नाकावर तिचा आता भरवसा उरला नव्हता. मुफीदाने फडकं सोडलं, बाटली नाकाशी नेली आणि गप्प झाली.

“नेट अडकलं का गं?” बेयाने घाबरून विचारलं.

“नाही, उम्मी,” योस्रा म्हणाली. “ती वास घेतेय.”

मुफीदाने पुन्हा वास घेतला. मग मनगटावर थेंब टाकून तिसऱ्यांदा घेतला.

“माझ्या आजीच्या ओढणीला हा वास यायचा,” ती हळूच म्हणाली. मग सावरून, “मी चुकले असं काही म्हणणार नाही. तेव्हा ते घाणच होतं. पण लल्ला बेया, तुम्ही बोललात तसं झालं. मला आणखी दोन पाठवा. आणि ताजं नको हं!”

बेयाचा जीव भांड्यात पडला. ती मटकन खाली बसली आणि ओढणीत तोंड खुपसून रडली. चाळीस दिवसांचं ओझं असं एकदम उतरलं की तिला हसूही आलं. बघते तर योस्रा तिच्याहून जास्त रडतेय.

“उम्मी, तो जाळ मी मोठा केला होता. त्या दिवशी, तुम्ही नमाजाला गेला होतात तेव्हा. तुम्ही सगळ्यांसमोर दोष स्वतःवर घेतलात, आणि मी...”

“मला माहीत आहे.”

“माहीत आहे? कधीपासून?”

“धार दिसली ना मला. तीस वर्षं त्या नळीखाली बसलेय मी.”

“मग बोलला का नाहीत? एका शब्दानेही?”

“कत्तार मांडलेला होता. मग तो वर गेला, तर तुझं तोंड बघवेना.” बेयाने डोळे पुसले, ओढणी झटकली आणि कंबरेवर हात ठेवून उठली. “पण आता कत्तार माळ्यावर आहे आणि तुझंही मन मोकळं झालंय. ऊठ, अशी समोर उभी राहा. वाफेचे फोटो हवेत काय बयेला! माझ्या आगीला हात लावतेस? चार पिढ्यांची आग ती! ताजं म्हणे, ताजं! मी काय मासे विकते?”

त्या दिवशी अख्ख्या गल्लीने बेयाचा आवाज ऐकला. शेजारणी दारात येऊन हसत उभ्या राहिल्या. योस्रा रडत रडत हसत होती आणि मान खाली घालून सगळं ऐकून घेत होती, कारण त्या आवाजाचीच ती चाळीस दिवस वाट बघत होती.

“झालं माझं,” बेया शेवटी म्हणाली. “जा, कॉफी टाक. आणि फाशका आण इकडे. पहिला थेंब तुझ्या कपात.”