नीलिमाचं केळवण

नीलिमा हसताना शेजारच्या पुरुषाच्या दंडावर हात ठेवायची. बाकी कुणाला त्यात काही वाटत नसे. माझा मात्र नुसता जळफळाट व्हायचा, कारण तो दंड बहुतेक वेळा सुहासचा असे.

नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात ती रेडिऑलॉजिस्ट, मी फार्मसीत. ती घटस्फोटित, मी विधवा. दोघींनीही पन्नाशी ओलांडलेली. सुहास आमच्या मराठी मंडळातला डेंटिस्ट, त्याचीही बायको गेलेली. मला तो फार आवडायचा, पण बोलायची हिंमत कुणाला! ही बया मात्र शनिवारी सुहासबरोबर वॉकला जायची आणि रविवारी तिच्या शेजारी राहणाऱ्या मार्टिनबरोबर त्याच्या अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या भाजीच्या तुकड्यावर, बटाटे काढायची.

एकदा लंचला म्हणाली, "मी लग्न करतेय गं."

"कुणाशी?"

"तेच ठरायचंय. दोघंही इतके गोड आहेत!"

"लग्न ठरलं आणि नवरा ठरायचाय? धन्य आहेस बाई!"

"घाई त्यांना आहे, मला कुठे आहे?"

मला एक मिळेना आणि हिच्यापुढे दोन उभे! अंगाची नुसती लाही लाही झाली. तरी बोलून बसले, "केळवण मी करणार. रविवारी ये, आणि ज्याला निवडशील त्याला घेऊन ये."

रविवारी टेबलावर दोन ताटांभोवती रांगोळी काढली. येणार तो मार्टिनच, असं मनाला इतकं पटवलं होतं की आमटीत, भाजीत, कोशिंबिरीत, कशातही मिरची घातली नाही.

बेल वाजली. दारात पैठणी नेसलेली नीलिमा आणि तिच्यामागे नव्या कुर्त्यातला सुहास. मी "या" म्हणाले आणि ताटं वाढायला घेतली.

"मीनल, मिरची विसरलीस का?" दुसऱ्याच घासाला सुहासने विचारलं. नीलिमाने आमटी चाखली, भाजी चाखली आणि माझ्याकडे बघतच राहिली. मी किचनमध्ये पळाले, तशी तीही मागोमाग आली.

"तुला सुहास हवा होता?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर सोडला असतास?"

खोटं बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. "नाही गं," म्हणाली, आणि माझ्यापुढे पदर पसरला. "ओटी भर."

"मी विधवा आहे. शिवाय तुझ्यावर जळतेय."

"दोन्ही माहितीये मला. तूच भर."

ओंजळीत तांदूळ घेतले, नारळ घेतला. 'सुखी राहा' एवढंच म्हणायचं होतं, पण ओंजळ तिच्या पदरापर्यंत नेली आणि परत मागे घेतली. बाहेरून सुहास हाका मारत होता. ती हलली नाही, पदर पसरून तशीच उभी राहिली.

"सुखी राहा, सटवे," मी म्हणाले, आणि ओंजळ रिकामी केली.