पुलापासून चौथं घर

इर्मट्राउट फेब्रुवारीत गेली, तेव्हा गेर्नोट प्फिस्टरना रडू आलं नाही. चर्चमध्ये बायकोच्या शवपेटीसमोर उभे असताना ते हातातल्या प्रार्थनेच्या पुस्तकाचा कागद बोटांनी चाचपत होते. 'लाकडाचा लगदा, फार तर शंभर वर्षं,' एवढंच मनात आलं. पुढे मनात फारसं काही येईचना. रोज सकाळी ते दोन कप काढत, एक परत ठेवत आणि उभ्याउभ्या पाव खाऊन खाली दुकान उघडत.

दुकान जुन्या नगरचित्रांचं. पाखराला वरून गाव दिसेल तशी ती चित्रं. त्यांच्या स्वतःच्या गावाजवळ साधी टेकडी नाही. तरी चारशे वर्षांपूर्वी त्याचं चित्र काढणारा चित्रकार कुठल्याशा ढगावर मांडी घालून बसला होता, आणि घरं मात्र मूठमूठ पेरल्यासारखी, सगळी एका साच्याची काढत होता. त्या काळ्या छापांत इर्मट्राउट रंग भरायची, आणि प्फिस्टर पाठीमागे पेन्सिलीनं खरं ते लिहायचे: छाप जुना, रंग नवा. नवा रंग जुना म्हणून खपवणारे दुकानदार त्यांना हसत.

नवराबायकोचं भांडण एकच, पण चाळीस वर्षं चाललेलं. गावाच्या चित्रात आपलं घर कुठलं?

"पुलापासून चौथं," ते म्हणायचे.

"तिसरं! डोक्यावरचा चष्मा सापडत नाही तुला, आणि निघालाय घर शोधायला!"

घराच्या तुळईवर कोरलेलं साल चित्राहून सत्तर वर्षांनी अलीकडचं होतं, हे दोघांनाही पाठ होतं. भांडणाला त्यानं काही बाधा आली नाही.

एप्रिलमध्ये दातांचे डॉक्टर ल्युडेके आले. त्यांना गावाचंच चित्र हवं होतं. इर्मट्राउटच्या हातचं एकच उरलं होतं, जानेवारीत अंथरुणात बसून पुरं केलेलं.

"खुर्चीसमोर टांगतो," डॉक्टर म्हणाले. "माणसं आ वासून बसतात हो, नजर कुठेतरी टेकवायला नको?"

"न्या," प्फिस्टर म्हणाले. कुणाला छत्री द्यावी तसं.

देण्याआधी कागद भिंगातून तपासायचा, हा शिरस्ता. कडा ठीक. मधली घडी ठीक. कोपऱ्यात किडीचं एक छिद्र. भिंग पूल ओलांडून गेलं. पहिलं घर, दुसरं, तिसरं. छपरं लाल, दारं काळी. चौथ्याचं दार हिरवं. एका केसाच्या टोकानं टेकवलेला ठिपका, पण हिरवा अगदी त्यांच्या दाराचा.

भिंग तिथून हलेना.

"काय हो, फाटलंय का?"

"दोष आहे."

"मला नाही दिसत."

"एक घर सत्तर वर्षं आधीच बांधलंय."

"बांधू द्या की! माझे पेशंट साल नाही विचारत, दुखेल का एवढंच विचारतात."

"सदोष माल मी विकत नाही, डॉक्टर."

"कमाल आहे! मग शेजारच्या गावाचं द्या. तसेही किडके दात तिकडूनच येतात."

डॉक्टर ते घेऊन गेले. प्फिस्टरनी आपल्या गावाचं चित्र पालथं करून पेन्सिल उचलली. छाप जुना, रंग नवा. थोडं थांबून खाली लिहिलं: चौथं. इर्मट्राउटला मान्य.

"जानेवारीतच सांगायचंस ना," ते रिकाम्या दुकानाला म्हणाले.

रडू तेव्हाही आलं नाही. पण दुपारचा पाव त्यांनी खुर्चीवर बसून खाल्ला.